बटाटा तीन महिन्यांचा, ज्वारी वर्षाची, आंबा नातवाचा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: सातगाव पठारावर साडेबारा एकर सामाईक जमीन, आजोबांनी राखलेली, वडिलांनी आणि चुलत्यांनी कसलेली. वडील आता अडुसष्टचे, गुडघ्यांमुळे शेतात उतरता येत नाही. चुलते गेले. त्यांचा मुलगा आणि सून सगळं बघतात. खरिपात बटाटा, रब्बीला शाळू ज्वारी आणि हरभरा, वरच्या अंगाला केशर आंब्याची जुनी बाग. तुम्ही घाटकोपरला, नोकरी बरी आहे. चुलतभाऊ म्हणतो, दोन वर्षं बटाट्यात तोटा आला. तुमचा त्यावर विश्वास बसत नाही. वाटपाचं बोलणं निघालंय, आणि त्याआधी बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायचं चाललंय. तुम्ही विचारता, वाटप करून आपला हिस्सा मोकळा करावा, की नोकरी सोडून गावी जाऊन स्वतः शेती करावी?

दोन्ही नको. निदान या वर्षी तरी नको.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय हे तुम्हाला कळेल. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी १९९३ पासून आहे, आधी चुलत्यांच्या हाताखाली, मग स्वतःच्या गाळ्यावर. राहायला मुलुंडला. शेती आंबेगाव तालुक्यातच, तुमच्या पठारापासून लांब नाही. अठरा एकर, तिघे भाऊ, चौथी पिढी आता हाताशी आलेली. थोरला गावी शेती करतो, धाकटा अंधेरीला डब्याच्या लाइनीवर आहे, आणि शेतीच्या हिशोबाची वही २०१२ पासून माझ्याकडे आहे. म्हणजे मी तुमच्यासारखा मुंबईवालाही आहे आणि तुमच्या भावासारख्यांचा माल विकणाराही.

आपल्या खेड-आंबेगाव-जुन्नरकडच्या घरांत शेत आणि मुंबई अशी फारकत कधी नव्हतीच. डबेवाल्यांचं काम १८९० च्या सुमाराला सुरू झालं ते आपल्याच भागातल्या माणसांच्या जोरावर, आणि चैत्रात जत्रेला डबे बंद ठेवून ती आजही गावी जातात. आमचे एक आजोबा डबे वाहायचे, त्यांच्या मनीऑर्डरीतून आमची विहीर खोदली गेली. १९७२ च्या दुष्काळात मुंबईच्या पैशानं गाव जगलं. पुढे १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा परळच्या खोलीत मामाची पाच माणसं गावाहून आलेल्या ज्वारीवर आणि बटाट्यावर जगली. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही कुणी लिहून ठेवलं नाही. त्यामुळे आज आमच्या घरात विचारलं तर प्रत्येकाला आपण काय दिलं तेवढंच आठवतं. तुमच्या घरात जमिनीचं भांडण सुरू झालेलं नाही. न लिहिलेल्या हिशोबाचं सुरू झालंय, आणि जमीन कापून ते मिटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या शेतात तीन प्रकारची पिकं आहेत आणि तिघांचं घड्याळ वेगळं आहे. बटाटा तीन-साडेतीन महिन्यांत निकाल देतो. ज्वारी-हरभऱ्याचा हिशोब वर्षाचा असतो, घरातल्या खाणाऱ्या तोंडांवर आणि गोठ्यातल्या दावणीवर. फळझाड लावणारा एक आणि खाणारा दुसरा. सामाईक घरं मोडतात ती या तिघांचा पैसा एकाच गल्ल्यात पडतो म्हणून. आमचं घर मोडता मोडता राहिलं ते याच कारणानं, ते पुढे सांगतो.

आधी बटाटा, कारण तुमचा संशय तिथे आहे.

एक एकर खरीप बटाट्याचा आमच्या वहीतला हिशोब देतो. तुमच्याकडे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. बियाणं सात क्विंटल, म्हणजे पन्नास किलोचे चौदा कट्टे. किलोला तीस रुपये धरले तर एकवीस हजार. शेणखत, कोंबडखत आणि वरची खतं मिळून पंधरा-सोळा हजार. नांगरट, सरी, लागवड आणि भर लावणं दहा-बारा. फवारण्यांना पाच-सहा हजार. काढणी आणि वेचणीची मजुरी दहा-बारा. बारदाना आणि वाशीपर्यंतचं भाडं नऊ-दहा. झाले सत्तर-पंचाहत्तर हजार. आता उत्पन्न. पठारावर 'एकास किती' असं मोजतात. एका कट्ट्याला दहा कट्टे निघाले तर सत्तर क्विंटल. किलोला दहा-अकरा रुपये मिळाले तर फक्त खर्च सुटतो. अठरा मिळाले तर एकरी पन्नास हजार हातात राहतात. पण पावसानं आठवडाभर झड धरली, करपा रोग लवकर शिरला आणि एकास सहाच निघाले, तर अठराच्या भावालाही खर्चाच्या पुढे काही उरत नाही. आणि या सगळ्यात तुमच्या भावाची आणि वहिनीची मजुरी मी धरलेलीच नाही.

म्हणून म्हणतो, भावाचा तोटा खरा असू शकतो. मुंबईत बसून आपण बाजारातला भाव बघतो, तीस रुपये किलो, चाळीस रुपये किलो, आणि मनात गुणाकार करतो. भाजीवाल्याच्या पाटीवरचा तो भाव आणि शेतकऱ्याच्या पट्टीवरचा, म्हणजे आडत्यानं दिलेल्या विक्रीच्या हिशोबावरचा भाव यांत गाडी, हमाली, सड, तूट आणि दोन-तीन हात असतात.

भाव कशानं ठरतो तेही समजून घ्या. वाशीला येणारा बराचसा बटाटा उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरातचा. आग्र्याकडचं पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, शीतगृहात जातं आणि थेट नोव्हेंबरपर्यंत थोडं थोडं बाहेर येत राहतं. आपला पठाराचा माल निघतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमका त्या साठ्यासमोर उभा राहतो. तिकडे साठा जास्त उरला असेल तर आपलं पीक कितीही देखणं येवो, भाव चढत नाही. नोव्हेंबरनंतर पंजाबचा नवा माल सुरू होतो. तेव्हा आपल्याला मिळणारी फट लहान आहे. आपल्या मालाची ताकद त्याच्या ताजेपणात आहे. दोन ते चार अंशांत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, तो गोडसर लागतो आणि तळला की काळपट तांबूस होतो. वेफर्सवाल्याला म्हणून ताजा लागतो. मुंबईत 'तळेगावचा बटाटा' म्हणून चार रुपये जास्त देऊन माणसं जो मागतात, तो याच चवीसाठी.

वेफर्सच्या कंपन्या करारावर बियाणं देतात आणि दर आधी ठरवतात. तुमच्या भावानं निम्मं क्षेत्र करारावर दिलंय म्हणता, ते त्यानं शहाणपणाचं केलंय. सगळं क्षेत्र करारावर दिलं की तेजीत हळहळ होते, काहीच दिलं नाही तर मंदीत गावच्या विकास सोसायटीचं कर्ज थकतं. निम्मं-निम्मं मला बरोबर वाटतं.

तुम्ही लिहिलंय, 'बियाणं दरवर्षी पंजाबचं कशाला, घरचंच वापरलं तर एकवीस हजार वाचतील.' हे भावाला सांगायला जाऊ नका. बटाट्याचे विषाणूरोग मावा पसरवतो. आपल्या हवेत मावा भरपूर, त्यामुळे घरचं बियाणं एक-दोन हंगामांत उतरतं. पानं मुरडतात, झाड खुजं राहतं, एकास दहाचं एकास पाच होतं. पंजाबात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा फार कमी असतो. तिथलं बियाणं त्या काळात वाढवतात आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात. आपण पैसे मोजतो ते त्या थंडीचे. दुसरं, खरिपात लागवड अख्ख्या, लहान बटाट्याची करतात. रब्बीसारखे कापून लावले तर ओल्या जमिनीत फोडी कुजतात. या गोष्टी तुमच्या भावाला पाठ असतील. मुंबईहून फोनवर दिलेला असा एक सल्ला त्याला वर्षभर खुपत राहतो, एवढं लक्षात घ्या.

मग तोटा खरा की खोटा हे कसं पाहायचं? भावाला विचारून नव्हे. पट्ट्या मागून. प्रत्येक गाडीची पट्टी असते. तीत कट्टे, वजन, भाव, गाडीभाडं, हमाली, तोलाई सगळं लिहिलेलं असतं. २०१६ पासून फळं, भाजीपाला आणि कांदा-बटाटा यांची आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची असा नियम आहे. कुठल्या पट्टीत ती तुमच्या मालातून कापलेली दिसली तर तुमचा भाऊ तुम्हाला फसवत नाहीये, त्यालाच कुणीतरी फसवतंय. मी स्वतः आडत्या असून हे सांगतो. दोन वर्षांच्या पट्ट्या, बियाण्याच्या पावत्या आणि सोसायटीचा कर्जखात्याचा उतारा, एवढं एका पिशवीत घालून आणायला सांगा. 'मला हिशोब शिकायचाय' म्हणून मागा. 'हिशोब दाखव' म्हणून मागू नका. फरक मोठा आहे.

ज्वारीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय: 'शाळूत काही सुटत नाही, तो बंद करून दोन्ही हंगामांत बटाटा घेता येईल का?'

नाही. पठारावर कालवा नाही, कळमोडी धरणाच्या पाण्याची वाट बघण्यात एक पिढी गेली. पाणी आलं तरी माझं उत्तर हेच राहील. बटाट्यामागून बटाटा घेतला की मर रोग आणि सूत्रकृमी जमिनीत मुक्काम करतात, खवड्या रोग वाढतो आणि मालाची साल बिघडते. शाळू बटाट्याच्याच सरींवर उरलेल्या खतावर येतो, वेगळं काही मागत नाही. ऑक्टोबरच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कणीसही हाती येतं आणि कडबाही. कडबा आहे म्हणून दोन म्हशी आहेत, म्हशी आहेत म्हणून शेणखत आहे, शेणखत आहे म्हणून पुढच्या जूनमध्ये बटाट्याची सरी भुसभुशीत राहते. ज्वारीचा नफा ज्वारीच्या रकान्यात शोधू नका, तो बटाट्याच्या रकान्यात उमटतो. एखादा तुकडा आलटून पालटून खरिपात बाजरीला किंवा भुईमुगाला द्या. तीन वर्षांतून एकदा तरी प्रत्येक गटाला बटाट्यापासून सुट्टी मिळाली पाहिजे.

आणि धान्याला आणखी एक अर्थ आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला, त्यामागे बटाट्यावरचा उशिरा येणारा करपाच होता. तोच रोग, जो आपल्याकडे श्रावणातल्या झडीत पानाच्या मागं पांढरी बुरशी धरतो. तिथल्या गरिबांच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं. तुमच्या आजोबांना हे कुणी सांगितलं नसेल, तरी त्यांनी शाळू मोडला नाही. ज्वारी विकायचीच नाही असा आमच्या घरात नियम आहे. कणगी भरली की तिन्ही घरांना आणि बहिणीला पोती जातात, मुलुंडपर्यंत. भाकरी सगळ्यांची एका शेतातली आहे तोवर बोलणं तुटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आता फळबाग, आणि आमची चूक.

राज्यानं १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली, तेव्हा वडिलांनी माळाच्या दीड एकरात केशरची साठ झाडं लावली. तेव्हा ते पन्नाशीत होते. पहिली पाच-सहा वर्षं हंड्यानं पाणी घातलं, आईनं आणि थोरल्या भावानं. आज ती झाडं वर्षाला घराला बियाण्याचा खर्च काढून देतात. आपला आंबा कोकणच्या हापूसच्या मागून येतो, मेच्या उत्तरार्धात. वळवाचा एक तडाखा बसला की गळ होते, हा धोका आहेच. पण पैसा बघून कुणी ती झाडं लावली नव्हती, म्हणून त्यांच्यावरून कधी भांडण झालं नाही.

डाळिंबाचं उलट झालं. २००६ ची गोष्ट. बटाट्याचे चांगले पैसे आले होते. रस्त्यापलीकडच्या फळबाजारात मी रोज भगव्या डाळिंबाचे भाव बघत होतो. विहिरीजवळचा दोन एकरांचा गट, घरातला सगळ्यात कसदार, तिथे डाळिंब लावायचं मीच डोक्यात घेतलं. थोरला नको म्हणत होता, त्याला तिथे शाळू आणि जनावरांचा घास ठेवायचा होता. मी मुंबईहून बोलून बोलून त्याला गप्प केलं. तिसऱ्या वर्षी फळ आलं आणि पैसे छान झाले. ते तिघांत वाटले. माझा वाटा मी मुलुंडच्या घराच्या हप्त्यात घातला. पुढच्या वर्षी मृग बहाराला सप्टेंबरचा पाऊस लागला आणि तेल्या शिरला. फळावर तेलकट काळे डाग, मग चिरा. ताम्रयुक्त औषधं मारली, छाटण्या केल्या, रोगट फळं वेचून जाळली. तीन वर्षं हेच. २०१२ मध्ये ट्रॅक्टर लावून बाग उपटली. ठिबकाचं आणि औषधांचं कर्ज सोसायटीत थोरल्याच्या नावावर होतं, आणि मी त्यात एक पैसा घातला नव्हता.

त्या दिवाळीला वहिनी जेवण वाढता वाढता शांतपणे म्हणाली, "चांगल्या वर्षी तिघांची बाग, वाईट वर्षी आमची."

मला जेवण गेलं नाही. ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. त्या रात्री आम्ही वही सुरू केली. आज तुम्हाला जे सांगतोय ते त्या वहीतूनच आलंय.

पद्धत अशी. सगळ्यात आधी काम करणाऱ्याची मजुरी. थोरल्या भावाचा वर्षाचा पगार ठरवला, चांगल्या सालगड्याला जे द्यावं लागेल त्यापेक्षा थोडा जास्त, कारण तो गड्याचं कामही करतो आणि देखरेखही. वहिनीचा वेगळा ठरवला, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. हे मी कळकळीनं सांगतो. बटाट्याची वेचणी, निवड, बियाणं हवेशीर जागी पसरून कोंब आणणं, आंब्याची आढी लावणं, हे सगळं तिच्या हातचं, आणि आपल्या घरांच्या हिशोबात ती कुठेच नसते. सातबाऱ्यावर नाही, पट्टीवर नाही, सोसायटीत नाही. तुमच्या घरात वहिनीचा पगार ठरला तर अर्धं भांडण तिथेच निवेल.

मजुरीनंतर जमिनीचा खंड, म्हणजे भाडं. गावात एकरी जो खंड चालतो तो वहीत धरायचा आणि सगळ्या हिस्सेदारांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे द्यायचा, मुंबईत राहणाऱ्यालाही. त्याहून जास्त मुंबईवाल्यानं मागायचं नाही, त्याहून कमी घ्यायचं नाही. उरला तो पिकाचा नफा-तोटा. इथे तीन घड्याळं वेगळी करायची. बटाट्याचा नफा-तोटा ज्यानं पैसे घातले त्याचा, घातले त्या प्रमाणात. तुम्ही यंदा बियाण्याला निम्मे पैसे घातलेत तर निम्म्या तोट्याला तयार राहा. धान्य घरांत वाटायचं, विकायचं नाही. फळबागेचं उत्पन्न वेगळ्या खात्यात, आणि ते फक्त जमिनीत परत जाईल: विहिरीचा गाळ, पाइपलाइन, कुंपण, नवी झाडं. त्यातून कुणाच्या घराचा हप्ता नाही, कुणाचं लग्न नाही. आणि सामाईक जमिनीत कुणीही एकट्यानं झाड लावायचं नाही. सगळ्यांनी सही करून, त्या गटाचं पुढे वाटप झालं तर झाडांचं काय, हे आधी लिहूनच लावायचं. झाड पंचवीस वर्षं उभं राहतं, तोंडी शब्द तेवढा टिकत नाही.

वाटपाबद्दल. मी वाटपाच्या विरुद्ध नाही. कधीतरी ते होणारच. पण आपल्याकडे ते कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल. 'कुणावर अन्याय नको' म्हणून प्रत्येक गटाचे उभे पट्टे पाडतात. आमच्या आजोबांच्या वेळी तसं झालं. एका तुकड्यात आजही ट्रॅक्टर वळत नाही, बांधच दोन सरींचा, आणि विहिरीत चार-चार आण्यांचे हिस्से. पाण्याच्या पाळीवरून तिथे दोन पिढ्या बोलत नव्हत्या. वाटप करायचंच असेल तर अख्खे गट वाटा. कुणाला काळी, कुणाला माळ, आणि कसाचा फरक पैशानं भरून काढा. सगळे सहमत असतील तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही. तुकडेबंदी कायद्याची किमान क्षेत्राची मर्यादा आधी तपासा. साडेबारा एकरांचे हिस्से करत गेलं की पुढच्या पिढीत ती आडवी येते.

त्याही आधी आजचा सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. जुन्या उताऱ्यांवर 'ए.कु.मॅ.' अशी नोंद असते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एका भावाचं नाव लागलेलं. तो मालक नसतो, सगळ्यांच्या वतीनं असतो. तुमच्या चुलत्यांचं नाव तसं लागलं असेल आणि त्यांच्या पश्चात फक्त त्यांच्याच मुलाची वारसनोंद झाली असेल, तर त्यात लबाडी असेलच असं नाही, बऱ्याचदा तलाठ्याकडे गेलेला तेवढाच असतो. पण दुरुस्ती आत्ता, गोडीत, करून घ्या.

बहिणीचं सांगतो, आणि इथे मी मऊ बोलणार नाही. हक्कसोड मागू नका. कायद्यानं ती तुमच्याइतकीच हिस्सेदार आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मानं हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याचा त्याच्याशी संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. तिनं स्वतःहून, समजून, नोंदणी करून सोडलं तर ती तिची मर्जी. राखी पौर्णिमेला घरी बोलावून कागद पुढे सरकवणं ही मर्जी नव्हे. आमची बहीण डोंबिवलीला असते. २०१२ नंतर दर दसऱ्याला तिला तिचा खंड जातो, रक्कम फार मोठी नाही. पाच वर्षांपूर्वी आंब्याला ठिबक करायचं होतं, आम्ही तिघेही अडलो होतो, तेव्हा पहिले पैसे तिनं पाठवले. आम्ही मागितलेही नव्हते.

नोकरी सोडण्याबद्दल. साडेबारा एकर जिरायतीवर आज भावाचं एक घर चालतं. तुम्ही गेलात तर त्याच शेतावर दोन घरं बसतील आणि मुंबईहून येणारा पैसाही थांबेल. पावसावरच्या पिकाला बाहेरचा एक पगार हा आधार असतो. तो काढून घेऊन तुम्ही शेतीला मदत करणार नाही. त्यापेक्षा एक खरीप मन लावून करा. जूनमध्ये मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की भाऊ फोन करेल, तेव्हा आठ दिवस रजा काढून लागवडीला जा. सप्टेंबरच्या शेवटी काढणीला पुन्हा आठ-दहा दिवस. एक गाडी भरून तिच्याबरोबर वाशीला या, रात्री दोनला उतरा, भाव फुटताना उभे राहा. मधले महिने वही तुमच्याकडे. भाऊ रोज संध्याकाळी खर्च फोनवर सांगेल, तुम्ही लिहाल. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, शेतात उभं राहून फोनवर करावी लागते, ती त्याच्याकडेच राहू द्या, पण झाली की नाही ते तुम्ही विचारत जा. नुकसानीचे पंचनामे आणि विमा त्याशिवाय अडतात.

आंबा विकण्यात मात्र तुम्ही खरोखर उपयोगी पडाल. पेट्या सोसायट्यांमधून, ओळखीच्या घरांतून, आठवडे बाजारातून आपण नेऊन विकू शकतो, आणि गाळ्यापेक्षा चांगला भाव मिळतो. बटाट्याचं तसं होत नाही. शंभर-दीडशे कट्टे दारोदार जात नाहीत, तो बाजारातच यावा.

तुमच्या पत्रात भावाच्या मुलाचा उल्लेख आहे, कृषी पदविका करतोय म्हणून. त्याला दोन एकर त्याच्या मर्जीनं करू द्या. चुकेल, एखादं वर्ष घालवेल. आमच्या पुतण्यानं पहिल्या वर्षी बटाट्याला नत्र जास्त घातलं, पाला कमरेएवढा आणि खाली गोळ्या. दुसऱ्या वर्षी त्यानं आमच्या सगळ्यांपेक्षा एकास दोन कट्टे जास्त काढले. आता बागेत मेलेल्या केशरच्या जागी कलमं त्यानंच लावलीत, आणि त्याच्या कागदावर आम्हा तिघांच्या आणि बहिणीच्या सह्या आहेत.

पंजाबचं बियाणं मेमध्ये मंचरला उतरायला लागतं आणि भावाला तेव्हा पैसे लागतात. तुमची बैठक त्याच्या आत व्हायला हवी, म्हणजे यंदाच्या जत्रेतच. सगळे गावी असतील. वडील, भाऊ, वहिनी, बहीण आणि तुम्ही, एवढी पाच माणसं एका सकाळी बसा. वही कोरी घेऊन जा. पहिल्या पानावर वहिनीचा पगार लिहा.